दूरच्या यंत्राचें द्वार

संगणक जाळ्याशीं जोडला जातो तो इंटरफेसच्या द्वारें. या द्वाराला चार आंकड्यांचा एक पत्ता असतो. प्रत्येक आंकडा ० ते २५५ यांमधला. घरच्या संगणकावर तो चुकला तर यंत्र समोरच असतें. परंतु शेंकडों मैलांवरील सर्व्हरचा पत्ता बदलणाऱ्या व्यवस्थापकाची गोष्ट निराळी. त्याची आज्ञा ज्या द्वारानें आंत जाते, तेंच द्वार तो बदलीत असतो. एक आंकडा चुकला कीं संबंध तुटला, आणि दुरुस्तीची आज्ञा जावयाची वाटही बंद! बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालविण्याचाच हा प्रकार.

लिनक्समध्यें पूर्वीं हें काम 'आयएफकॉन्फिग' या आज्ञेनें होई. पुढें 'आयपी' ही आज्ञा आली. दोहोंचें नेहमींचें उत्तर माणसानें वाचावें अशा बेताचें. प्रोग्रॅमला तें वाचावयास लावणें म्हणजे मुनिमाच्या चोपडीवरून यंत्राकडून हिशेब करविणें. म्हणून लायब्ररी वापरतात. येथें ग्रंथांचा संबंध नाहीं. प्रोग्रॅमनें आयतीं उचलावीं अशा तयार कार्यांचा हा संग्रह. पायथन भाषेंतील 'पायरूट२' ही लायब्ररी 'नेटलिंक' या मार्गानें थेट कर्नलशीं बोलते. काम चोख, पण चुकीचा पत्ता सांगितला तर तोही ती इमानानें बसविते.

'एनएमस्टेट' या लायब्ररीची रीत अधिक सावध. तिला कृति सांगावयाची नसते. शेवटीं स्थिति कशी हवी तें लिहून द्यावयाचें. ती 'नेटवर्कमॅनेजर'कडून आधीं चालू स्थितीची नोंद करविते, मग बदल घडविते, आणि मागितलें तें झालें कीं नाहीं हें ताडून पाहते. न जुळल्यास सारें पूर्ववत्.

मात्र मागणींतच चूक असेल तर ताळा बरोबरच जमणार! त्याकरितां तिच्यांत एक सोय आहे. बदल तात्पुरता करावा आणि मान्यता मागाहून द्यावी. मुदत वेगळी न सांगितल्यास ६० सेकंदांची. तेवढ्यांत मान्यता न पोहोंचली तर जुनी स्थिति आपोआप परत येते. मौन म्हणजे संमति हा व्यवहारांतला समज; येथें मौन म्हणजे नकार. वाट तुटलेला व्यवस्थापक बोलूं शकत नाहीं, हें त्या रचनेंत अगोदरच धरलें आहे.

मान्यता देण्यापूर्वीं मात्र नव्या पत्त्यावर नव्यानें जोडणी करून आंत शिरून पाहावें. जुनी जोडणी अजून चालू दिसली, एवढ्यावर विसंबूं नये. पुष्कळ लोक येथेंच घाई करितात.