जाळीच्या पिंजऱ्यातील कबुतरांचे पाय आणि नखे



आजचा विषय ऐकून काही मंडळींना हसू येईल. म्हणतील, बैलाच्या खुरांचं सांगायचं सोडून हे कबुतराच्या नखांचं काय काढलं? पण घरातल्या पोरांनी म्हणा, हौशी माणसांनी म्हणा, कबुतरांच्या चार-दोन जोड्या पाळलेल्या असतात. त्यांची एक तक्रार नेहमीची. जोडी चांगली आहे, दाणापाणी वेळेवर आहे, पण अंड्यातून पिल्लू निघत नाही. मग दोष नराला दिला जातो. पैसे मोजून दुसरा नर आणतात, आणि काही महिन्यांनी त्याचीही तीच गत होते. अशा वेळी आधी दोघांचे पाय उलटे करून बघा. जोडा लागताना नराला मादीच्या पाठीवर तोल सांभाळावा लागतो. पाय दुखत असेल तर ते जमत नाही आणि अंड्यात जीव धरत नाही. शिवाय अंड्यावर बसणाऱ्या पाखराचं नख लांब वाढलेलं असेल, तर उठता-बसता अंड्याला चीर जाते.

हे होतं कशानं? पिंजऱ्याच्या तळाला तारेची जाळी लावली की विष्ठा खाली पडते, आपली झाडलोट वाचते. सोय आपली झाली, पाखराची नव्हे. कबुतर मूळचं कड्याकपारीत राहणारं. तीन बोटं पुढं, एक मागं, अशी पायाची ठेवण; सपाट दगडावर वजन साऱ्या तळव्यावर सारखं पडतं. जाळीवर तेच वजन दोन-चार तारांवर येतं. कातडी आधी घट्टे धरते, मग तिला भेगा पडतात आणि भेगेतून घाणीतले जंतू आत शिरतात. तळवा लाल, गरम होऊन सुजतो, मध्ये काळी खपली धरते. नखांचंही तसंच. दगडावर ती आपोआप झिजतात; तारेवर झिजणार कशी? वाढतात, वळतात आणि जाळीत अडकतात. रात्री मांजर आलं, पाखरू फडफडलं, की नख उपटतं. कधी पायच मोडतो.

म्हणून पहिलं काम फळीचं. सारी जाळी झाकायची गरज नाही. वीतभर रुंदीची, रंग न दिलेली, थोडी खरबरीत फळी एका बाजूला टाका. फळ्या दोन ठेवाव्यात. एक पिंजऱ्यात, दुसरी खरवडून उन्हात. ओली, घाणीने माखलेली फळी जाळीपेक्षा वाईट, बरं का! बसायला गोल काठीऐवजी चार बोटं रुंदीची पट्टी चांगली. दाण्याच्या भांड्यापुढे एक वीट आडवी ठेवा. दाणे टिपायला पाखरू तिच्यावर उभं राहील आणि नखं घासली जातील. षट्कोनी छिद्रांची बारीक तारेची जाळी तळाला वापरू नये, ती पायाला कापते.

नखं वाढलीच असतील तर संध्याकाळी, दाणा घालण्यापूर्वी कापावीत. एकानं पाखरू धरावं, पंख मुठीत आणि पाय दोन बोटांमध्ये. छाती मात्र दाबू नये. दुसऱ्यानं नेलकटरनं टोक कापावं. नखाच्या आत जिव्हाळी असते, तिच्यात रक्त असतं. पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते. काळ्या नखात दिसत नाही, तेव्हा ज्वारीच्या दाण्याच्या निम्म्याएवढंच टोक घ्यावं, उरलेलं आठ-पंधरा दिवसांनी. रक्त आलंच तर तुरटीची पूड लावून दोन-तीन मिनिटं दाबून धरा. पाखरू चोच उघडून धापा टाकू लागलं तर सोडून द्या, नखं उद्या कापता येतील.

तळवा नुसता लाल असेल तर तांब्याभर कोमट पाण्यात चमचाभर मीठ टाकून पाच-दहा मिनिटं पाय बुडवावा, कोरडा करून पोव्हिडोन आयोडीन लावावं आणि पाखराला आठवडाभर जाळीवरून काढून स्वच्छ गोणपाटावर ठेवावं. सूज आली, काळी खपली धरली, तर ब्लेडनं फोडू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. घरात उरलेल्या गोळ्या कुटून घालू नका, रॉकेलही लावू नका. त्यानं कातडी भाजते. पायावर आणि चोचीजवळ मोडासारख्या गाठी दिसल्या तर त्या देवीच्या असू शकतात. तो रोग डासांमुळे पसरतो, म्हणून असं पाखरू वेगळं ठेवावं.

आणखी एक बघायचं, ते दोरे. गोणीची सुतळी, नायलॉनचा धागा, बायकांचे विंचरलेले केस बोटाला गुंडाळले जातात, आवळत जातात आणि बोट काळं पडून गळून जातं. पॅरिस शहरातल्या कबुतरांची एक पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. ज्या भागात केस कापायची दुकानं जास्त, तिथं बोटं तुटलेली कबुतरंही जास्त आढळली! आपल्याकडे तर पतंगाचा मांजाही आहे. धागा ओढू नका. पाय कोमट पाण्यात भिजवून बारीक कात्रीनं तुकडे करून काढा. पायात हौसेनं घुंगरू किंवा कडी घातली असेल तर ती सैल फिरते ना, तेही बघा.

पिल्लांचे पाय घरट्यातच बिघडतात. गुळगुळीत थाळ्यात किंवा नुसत्या जाळीवर पिल्लू वाढलं तर पाय दोन्हीकडे फाकतात आणि तसेच राहतात. मातीच्या परातीत काड्या, पेंढा घाला. अंडी साधारण १७-१८ दिवसांत फुटतात, त्याआधी घरटं तयार हवं.

पाय तपासायला आठवड्यातला एक ठरलेला दिवस धरा, बाजाराचा म्हणा. पिंजरा खरवडताना तोंडाला फडकं बांधा, विष्ठेवर आधी पाणी शिंपडा. तिची धूळ माणसाच्या छातीला वाईट. काम झाल्यावर हात साबणानं धुवा, पोरांनाही धुवायला लावा.