द्वेष : एक मानवी भाव



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांना वंदन करून विषयाकडे वळतो.

भरतमुनींच्या आठ स्थायी भावांत क्रोध आहे, जुगुप्सा आहे, द्वेष नाही. पतंजलींनी त्याला पाच क्लेशांत स्थान दिले आणि त्याचे मूळ भोगलेल्या दुःखात दाखविले. संस्कृतात राग म्हणजे आसक्ती. मराठीत तो क्रोध झाला. हा बदल मला अर्थपूर्ण वाटतो. आपण रागावतो ते बहुधा आपल्याच माणसावर. रागाला उत्तर हवे असते. द्वेषाला समोरचा माणूसच नको असतो. अ‍ॅरिस्टॉटलनेही हा भेद केला आहे: क्रोध व्यक्तीवर असतो, द्वेष अख्ख्या वर्गावरही जडतो, काळ क्रोध शमवितो, द्वेष नव्हे.

याचा पडताळा आपल्याच भूमीत पाहू. 16 जानेवारी 1967 रोजी गोव्यात जनमत कौल झाला. विलीनीकरणाचे चिन्ह फूल, संघप्रदेशाचे दोन पाने. विलीनीकरणाला 1,38,170 मते पडली, विरोधात 1,72,191. पेडणे-डिचोलीचा कल विलीनीकरणाकडे होता. तो पराभव येथे घरोघर जाणवला. तरीही त्याच वर्षी मार्चमध्ये विलीनीकरणवादी भाऊसाहेब बांदोडकरांच्या पक्षाला बहुमत मिळाले. ज्यांचा आग्रह नाकारला, त्यांच्याच हाती लोकांनी राज्य सोपविले. हा मतभेद होता. द्वेषाला इतका विवेक सुचत नाही.

1986 साली राजभाषेच्या वादात मात्र माणसे प्राणांस मुकली. 1987 च्या कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली, मराठीच्या वापराचीही तरतूद झाली. परंतु मनातील तेढ कायद्याने मिटत नाही. कोकणीला दीर्घकाळ केवळ बोली म्हणून हिणविले गेले, हे तिचे दुःख. ज्या भाषेत आमच्या वाडवडिलांनी देवाला आळविले, ती परकी ठरविली गेली, हे आमचे. दोन्ही दुःखे खरी आहेत.

मी आयुष्यभर मराठी शिकविली. पण पेडण्याच्या दशावतारातला राजा रंगमंचावर मराठीत गर्जतो आणि रंगपटात परतल्यावर कोकणीत पाणी मागतो, हेही मी पाहिले आहे. त्याच्या कंठात दोन्ही भाषा सुखाने नांदतात. त्यांतील एकीचा द्वेष करावयाचा, तर आधी आपलाच अर्धा भाग परका करावा लागतो.

द्वेषाचे मूळ दुःखात असेल, तर उपायही तेथेच शोधला पाहिजे. समोरच्याला कोठे दुखले, हे विचारण्याचे धैर्य या शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलांना लाभो, एवढे मागून मी आपली रजा घेतो.