एकट्याचा खेळ आणि थोडकी मुदत



‘खेळ’ हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे सोंगट्यांचा पट किंवा हुतुतूचे मैदान उभे राहते. व्हिडिओ गेम हा त्याच कुळातील नवा वंशज होय. तो खेळणारे पुष्कळ. परंतु तो रचला कसा जातो, याचा विचार घरोघरी क्वचितच होतो. धुळे-जळगावकडील एखाद्या विद्यार्थ्याने कोणत्याही कंपनीच्या आश्रयावाचून, सुटीच्या दीड महिन्यात, एकट्याने असा खेळ पुरा करण्याचे मनात आणले, तर त्याने कोणते धोरण ठेवावे, एवढाच प्रश्न आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

प्रथम कामाचे स्वरूप पाहू. नाटक मंडळीत नाटककार, पडदे रंगविणारा, पेटीवाला आणि नट हे निरनिराळे असतात. खेळ रचणाऱ्या एकट्याला मात्र नियम ठरविणे, चित्रे काढणे, ध्वनी जुळविणे व संगणकासाठी आज्ञावली लिहिणे ही सारी सोंगे स्वतःच आणावी लागतात. शिवाय नाटकाचा प्रेक्षक खुर्चीवर बसून असतो. खेळाचा प्रेक्षक रंगभूमीवर येऊन वाटेल ते दार ठोठावतो! खेळात एकमेकींवर परिणाम करणाऱ्या दहा वस्तू असतील, तर त्यांच्या ४५ जोड्या तपासाव्या लागतात. त्याच वीस झाल्या की जोड्या १९० होतात. वस्तू दुप्पट झाल्या, पण तपासणी चौपटीहून अधिक वाढली. ‘आणखी एवढेच घालू’ या मोहात मुदत कशी बुडते, हे या साध्या गणितावरून ध्यानात येईल.

याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील आहे. सन १९८२ मध्ये अटारी कंपनीने ‘ई. टी.’ या गाजलेल्या चित्रपटावर खेळ काढण्याचे ठरविले. नाताळच्या विक्रीस तो हवा होता, म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या आज्ञावलीकारास अवघे पाच आठवडे मिळाले. त्याच्या आधीच्या एका खेळास सुमारे सात महिने लागले होते. त्याने मुदत पाळली. परंतु बाहेरच्या खेळाडूंकडून पारख करून घेण्यास अवसर उरला नाही. खेळणारा वारंवार खड्ड्यात पडे व वैतागे. लक्षावधी प्रती अंगावर पडल्या, आणि सन १९८३ मध्ये त्यांपैकी काही न्यू मेक्सिकोतील एका कचराभूमीत पुरण्यात आल्या. सन २०१४ मध्ये त्यांतील काही उकरून काढण्यात आल्या. येथे उणीव कष्टांची नव्हती, पारखीची होती.

याच्या उलट ‘लुडम डेर’ हा उपक्रम पाहा. सन २००२ मध्ये तो सुरू झाला. त्याच्या एकट्यांच्या स्पर्धेत पुढे असा दंडक ठरला की, विषय कळल्यापासून ४८ तासांत एकट्याने सारे रचून खेळ सादर करावा. इतक्या अल्पावधीत भव्य काही होणे शक्यच नाही. म्हणून स्पर्धक एकच कल्पना घेतो व बाकीच्यांवर पाणी सोडतो. मुदत येथे शत्रू न राहता गुरू बनते. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही आपली म्हण तेथे अक्षरशः खरी ठरते.

कोणी म्हणेल, एकट्याने मोठे काम होतच नाही काय? होते. एरिक बॅरोन या अमेरिकन तरुणाने ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीवरचा खेळ, चित्रे व संगीत यांसह एकट्याने रचला आणि सन २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. एकान्तातील साधना खानदेशालाही अपरिचित नाही. चाळीसगावी केकी मूस यांनी घराच्या भिंतींआड दीर्घकाळ राहून, टेबलावर लहानसहान वस्तू मांडून, अख्खे देखावे छायाचित्रांत उभे केले. परंतु बॅरोनला सुमारे साडेचार वर्षे लागली आणि मूस यांनी आयुष्य वेचले. अशा साधनेचे माप सुटीतल्या दीड महिन्यास लावणे म्हणजे तरुणाच्या झोपेचा, प्रकृतीचा व शेवटी आत्मविश्वासाचा बळी देणे होय.

तेव्हा माझे सांगणे थोडक्यात असे. मुदतीचे तीन भाग करावे. पहिल्या भागात चित्रांऐवजी साधे चौकोन ठेवून, पण आरंभापासून शेवटापर्यंत खेळता येईल असा सांगाडा उभा करावा. दुसऱ्यात त्यावर रंग, ध्वनी चढवावे. तिसरा भाग केवळ पारख व दुरुस्ती यांसाठी राखावा. त्यात नवी कल्पना कितीही गोड वाटली, तरी ती पुढील खेळासाठी वहीत टिपून ठेवावी.

आणि घरच्या मंडळींनी? ‘हे खूळ कधी संपणार?’ असे विचारण्यापूर्वी पंधरा मिनिटे तो खेळ हाती घ्यावा. मुलाने शेजारी मुकाट बसावे, काही सुचवू नये. आजोबा कोठे अडखळले, धाकटी बहीण कोठे कंटाळली, हे त्याने टिपून घ्यावे. वॉरशॉला पाच आठवड्यांत जी पारख लाभली नाही, ती आपल्या घरच्या ओसरीवर फुकट मिळू शकते. एकट्याने काम करावे, हे ठीकच. परंतु त्याची पारख एकट्याने करू नये.