सेवेला वयाची अट नाही
(डब्लिन, कॅलिफोर्निया येथील ज्येष्ठांच्या मेळाव्यातील भाषण)



सरकारी मदतीने चालणाऱ्या राष्ट्रसेवेच्या योजनांविषयी दोन शब्द बोलावेत, असे आम्हांस सांगण्यात आले आहे. सेवा म्हटली की आपण चटकन म्हणतो, "ते तरुणांचे काम, आपले दिवस गेले." डब्लिनला मुलांकडे येऊन राहिलेल्या आपणांपैकी पुष्कळांना गाडी चालवता येत नाही. मुलगा-सून कामावर, नातवंडे शाळेत आणि आपण दिवसभर घरात. हे एकटेपण कोणी बोलून दाखवीत नाही, परंतु ते सर्वांस ठाऊक आहे. म्हणून हा विषय आपल्या जिव्हाळ्याचा आहे.

महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, भारत सरकारने राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. प्रारंभी ३७ विद्यापीठांतील ४०,००० विद्यार्थी तीत होते. आपल्यापैकी कित्येकांची मुले 'एन.एस.एस.'च्या शिबिरांना खेडेगावी गेली असतील. झाडे लावणे, रस्ते दुरुस्त करणे, साक्षरतेचे वर्ग घेणे, अशी वर्षाला १२० तासांची सेवा. मात्र ती योजना विद्यार्थ्यांची. आजी-आजोबांना तीत जागा नव्हती.

अमेरिकेत ही जागा आहे. तिचे उत्तम उदाहरण आपल्या मुंबईतच घडले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जिमी कार्टर यांच्या मातोश्री लिलियन कार्टर १९६६ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, 'पीस कोर' या सरकारी सेवादलातून भारतात आल्या. त्या परिचारिका होत्या. मराठीचे धडे घेऊन त्यांनी विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत सुमारे दोन वर्षे कुटुंबनियोजनाचे आणि दवाखान्याचे काम केले. त्या वयात परक्या मुलखात, परक्या भाषेत त्यांना हे जमले, मग आपण का मागे राहावे?

येथे ५५ वर्षांवरील लोकांसाठी तीन सरकारी कार्यक्रम आहेत. १९६५ साली सुरू झालेल्या 'फॉस्टर ग्रँडपेरेंट्स'मध्ये आजी-आजोबा शाळेतील मुलांना वाचायला मदत करतात. 'सीनियर कंपॅनियन'मध्ये थकलेल्या वृद्धांना घरी सोबत करतात. तिसऱ्यात, म्हणजे 'आर.एस.व्ही.पी.'मध्ये, आपल्या सवडीने हवे ते काम निवडता येते. पहिल्या दोहोंत कमी उत्पन्न असलेल्यांस थोडा भत्ताही मिळतो. 'अमेरिकोर' या मुख्य योजनेतही वयाची वरची मर्यादा नाही. नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड मात्र लागते. शिवाय २००९ च्या कायद्यानुसार, ५५ वर्षांनंतर त्या सेवेत शिरलेल्यांना मिळणारे शिक्षण-अनुदान मुलाच्या वा नातवंडाच्या नावे करता येते.

ह्या योजनांवर संकटही आले. एप्रिल २०२५ मध्ये 'अमेरिकोर'ची सुमारे ४० कोटी डॉलरची अनुदाने एकाएकी रद्द करण्यात आली आणि हजारो स्वयंसेवकांचे काम थांबले. कॅलिफोर्नियासह अनेक राज्ये न्यायालयात गेली. जूनमध्ये न्यायालयाने त्या राज्यांतील कामे पूर्ववत करण्याचा आदेश दिला. कोणी म्हणेल, सेवाच ती, तिला सरकारचा पैसा कशाला? बंधू-भगिनींनो, स्वयंसेवक विनामूल्य येतो. परंतु त्याची पारख करणे, त्याला शिकवणे, कोणाला कोठे पाठवायचे ह्याची जुळवाजुळव करणे विनामूल्य होत नाही. हा खर्च कोणीतरी उचलला, तरच चांगली इच्छा गरजवंताच्या दारापर्यंत पोहोचते. ज्यांना मताधिकार आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आपल्याजवळ काय आहे, असे म्हणू नका. इस्पितळातून घरी आलेल्या एखाद्या भारतीय आजीशी मराठीत वा हिंदीत दोन शब्द बोलणे, वाचनात मागे पडलेल्या मुलाजवळ शांतपणे बसणे, ह्याला मोटार लागत नाही. धीर आणि वेळ लागतो, आणि ही दोन्ही आपणांपाशी भरपूर आहेत. अमाडोर व्हॅली बुलेव्हार्डवरील ज्येष्ठ नागरिक केंद्रात जाऊन, आपल्या भागात कोणते काम उपलब्ध आहे, ते विचारावे. एकट्याने जाण्यास संकोच वाटत असेल तर दोघे-तिघे मिळून जावे.

आपण मुलांच्या घरी राहतो म्हणून आपण केवळ ओझे नव्हे. ह्या गावाला आपली गरज आहे.