इलेक्ट्रॉनांची जोडी कोण जुळवितो?

पारा शून्याखालीं २६९ अंश इतका थंड केला असतां त्यांतील विद्युत्प्रवाहास होणारा अडथळा एकाएकीं नाहींसा होतो, असें १९११ सालीं हॉलंडांतील लायडन येथें कॅमर्लिंग ओन्स यांस आढळलें. या अतिवाहकतेचा उलगडा होण्यास ४६ वर्षें लागलीं. एरव्हीं एकमेकांस दूर लोटणारे इलेक्ट्रॉन अशा थंडींत जोडीजोडीनें वाहूं लागतात, असें १९५७ सालीं अमेरिकेंत बार्डीन, कूपर व श्रीफर यांनीं दाखविलें. ओल्या वाटेवरून पहिली गाडी गेली कीं चाकोरी पडते आणि मागची गाडी आपोआप तींत शिरते. त्याचप्रमाणें एक इलेक्ट्रॉन जातां जातां धातूचे अणु किंचित् आपणाकडे खेंचतो, आणि ते पूर्ववत् होण्यापूर्वींच दुसरा तिकडे आकृष्ट होतो. सारांश, जोडी जुळविणारा मध्यस्थ म्हणजे अणूंचें कंपन.

प्रश्न मिटला असें वाटत असतांच १९८६ सालीं झुरिकजवळ बेडनोर्ट्झ व म्यूलर यांस तांबें व प्राणवायु असलेल्या एका ठिसूळ संयुगांत शून्याखालीं सुमारें २३८ अंशांवर अतिवाहकतेचीं चिन्हें दिसलीं. पुढील वर्षीं अमेरिकेंत तशाच दुसऱ्या संयुगानें १८० अंशांची मर्यादा गांठली. द्रवरूप नत्रवायूची थंडी १९६ अंशांची. म्हणजे हा स्वस्त द्रवही आतां पुरेसा झाला.

या पदार्थांतही इलेक्ट्रॉन जोडीनेंच वाहतात, हें १९८७ सालीं बर्मिंगहॅम येथील मोजणीनें ठरलें. वाद आहे तो मध्यस्थाविषयीं. केवळ अणुकंपनानें एवढी घट्ट गांठ पडेल, असें बहुतेकांस वाटत नाहीं. फिलिप अँडरसन यांनीं १९८७ सालीं मांडलें कीं, मूळ पदार्थांत शेजारच्या तांब्याच्या अणूंवरील इलेक्ट्रॉन परस्परविरुद्ध चुंबकीय दिशांनीं आधींच जोडलेले, परंतु जागींच खिळलेले असतात. कांहीं इलेक्ट्रॉन काढून घेतले कीं मोकळीक मिळून त्या जोड्या वाहूं लागतात. डेव्हिड पाइन्स, डग्लस स्कॅलापिनो प्रभृतींच्या मतें अणुकंपनाचें काम येथें चुंबकीय दिशांच्या लहरी करितात.

१९९४ सालीं त्सुई व कर्टली यांनीं तीन स्फटिक सांधून केलेल्या प्रयोगांत दिसलें कीं, या जोडीच्या लहरीस चार पाकळ्या असून त्या आळीपाळीनें धन व ऋण असतात. चुंबकीय मध्यस्थाशीं हें जुळतें खरें. परंतु दोन्ही चुंबकीय मतांतून हाच आकार निघूं शकत असल्यामुळें निवाडा झाला नाहीं.

हा वाद केवळ पंडितांचा नव्हे. मध्यस्थ कोण हें कळेपर्यंत, साध्या उष्णतामानावर व साध्या दाबाखालीं अडथळ्यावांचून वीज वाहून नेणाऱ्या पदार्थाचा शोध हा बव्हंशीं चांचपडण्याचाच मार्ग राहणार. पाऱ्याच्या कोड्यास ४६ वर्षें लागलीं. तांब्याच्या कोड्यासही सुमारें चार दशकें होत आलीं आहेत. जोडी दिसली, तिचा आकारही कळला. ती जुळविणारा मात्र अद्याप पडद्याआडच आहे.