अनोळखी शहर, सायकल आणि मोबाइलचा नकाशा

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. रोजगारासाठी परक्या शहरात आलेल्या अनेकांचे पहिले वाहन हेच असते आणि वाट दाखविण्याचे काम आता मोबाइल करतो.

मोबाइलला स्थान कळते ते उपग्रहांच्या संकेतांमुळे. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएस संकेतांतील हेतुपुरस्सर ठेवलेली त्रुटी काढून टाकली. हे संकेत कितीही जणांनी वापरले तरी उणे होत नाहीत. अर्थशास्त्राच्या परिभाषेत ती सार्वजनिक वस्तू होय. मात्र स्थान कळणे म्हणजे वाट कळणे नव्हे. मार्ग मोटारींसाठी आखलेला असेल, तर तो सायकलस्वाराला भरधाव उड्डाणपुलावर नेऊन सोडतो. मुंबईच्या वांद्रे–वरळी सागरी सेतूवर सायकलला मज्जाव आहे. कोलकात्यात २०१३ मध्ये अनेक रस्त्यांवर सायकलबंदी आली. नवख्या माणसाला अशी बंदी बहुधा अडविले गेल्यावरच कळते.

यावरील उपाय फारसा खर्चिक नाही. सायकलमार्ग, बंदी असलेले रस्ते व भुयारी मार्ग यांची अद्ययावत माहिती महापालिका आणि वाहतूक पोलिसांनी खुली करावी. फेब्रुवारी २०२१ च्या भू-अवकाशीय मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय संस्थांसाठी नकाशे तयार करण्यावरील पूर्वपरवानगीची अट दूर केली आहे. सायकलस्वारानेही निघण्यापूर्वी मार्ग पाहून घ्यावा आणि वाटेत पडदा पाहायचा झाल्यास कडेला थांबावे.

ज्याच्या प्रवासाचा शहरावर सर्वांत कमी भार पडतो, त्याचीच वाट नकाशात नसणे, ही नियोजनातील उणीव होय.