होनावरचा वकील आणि आपलं मत

वाडीतली कामं आटोपून रेडिओ लावलात ना? आज एका परगावाहून आलेल्या वकिलाची गोष्ट सांगते.

नारायण गणेश चंदावरकर. जन्म 1855 चा, कारवारच्या खाली होनावरला. तेव्हा तो मुलूख मद्रास इलाख्यात होता, 1862 साली मुंबई इलाख्याला जोडला गेला. पोरगा शिकायला मुंबईला आला. इथे त्याचे मामा वकिली करत, शामराव विठ्ठल कायकिणी. त्यांच्याच नावाची सहकारी बँक पुढे 1906 साली निघाली. आपल्या बचत गटांनी हे नाव लक्षात ठेवायला हरकत नाही!

1881 मध्ये नारायणराव वकील झाले. ‘इंदुप्रकाश’ पत्राचा इंग्रजी भाग ते लिहीत. 1885 मध्ये हिंदुस्थानची बाजू मांडायला तिघे विलायतेला गेले, त्यांत हे एक. शतक सरायच्या आत ते मुंबईच्या कायदेमंडळात बसले, आणि 1900 साली लाहोरला काँग्रेसचे अध्यक्ष झाले. पुढे हायकोर्टात न्यायाधीश, प्रार्थना समाजाचेही पुढारी.

पण मला सांगायचंय ते 1921 चं. त्या साली मुंबई कायदेमंडळाने बायकांना मताचा हक्क दिला. मद्रासने आधी दिला, मग आपण. तेव्हा मंडळाच्या अध्यक्षपदी चंदावरकर होते. श्रेय त्यांचं एकट्याचं नव्हे. बायकांनी सभा घेतल्या, अर्ज केले, तेव्हा कुठे ते झालं.

आणि त्यात एक मेख होती. मत मिळे ते जमीन, घर, कर बघून. खेड्यात शेतसारा भरणाऱ्याला. सारा कोणाच्या नावावर? नवऱ्याच्या, नाहीतर सासऱ्याच्या. म्हणजे कायद्यात हक्क आला, पण निंदणी करणारी, केळीला पाणी लावणारी बाई बाहेरच राहिली.

आता मताला जमीन लागत नाही. पण माझ्या आईने चाळीस वर्षं पानवेल जपली, बाबा गेले तेव्हा सातबाऱ्यावर तिचं नाव नव्हतं. वारस नोंदीसाठी दीड वर्ष खेटे घातले आम्ही. सही करताना तिचा हात थरथरत होता.

तुमच्या सातबाऱ्यावर कोणाची नावं आहेत, पाहिलंय कधी? उतारा मोबाईलवरही निघतो. पुढच्या बैठकीला घेऊन या. बारीक अक्षर वाचायला माझा चष्मा आहेच.